शपथ नको, सोबत हवी : स्वतःला इजा करून घेणाऱ्या मनाला समजून घेताना



पाठ सुरू करण्यापूर्वी एक विनंती. हा विषय तुमच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडलेला असेल आणि आज मन फार जड असेल, तर पुढचे वाचन बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. पाठ उद्याही वाचता येईल.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

मी वाणिज्य शाखेत शिकते आणि आपले लेख मराठीत आणण्याची सेवा करते. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मराठी युवकांच्या स्वाध्याय मंडळासाठी हा विषय मराठीत मांडायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडखळले. मनाच्या वेदनेपायी जो माणूस स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करतो, त्याच्या या कृतीला मराठीत काय म्हणायचे? मी ‘आत्मघात’ असे लिहून मोकळी झाले. मसुदा तपासणाऱ्या ताईंनी तो शब्द खोडला आणि समासात लिहिले, “यातली बरीच मुले मरायला निघालेली नसतात गं, दिवस कसाबसा निभावत असतात. शब्द बदल.”

त्या एका शेऱ्यामुळे विषयाचे दार उघडले. आपल्या भाषेत आत्मघात, आत्महत्या, जिवाचे बरेवाईट करणे हे सगळे शब्द मृत्यूकडे जाणारे आहेत. स्वतःला इजा करून घेणाऱ्या प्रत्येकाला मरायचे असतेच असे नाही. अनेकांना त्या क्षणीची असह्य वेदना थांबवायची असते. म्हणून या पाठात आपण साधा शब्द वापरू : स्व-इजा.

हा फरक वैद्यकशास्त्रालाही सावकाश कळला. १९३८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी आपल्या ग्रंथात स्व-इजा आणि आत्महत्या यांचा वेगवेगळा विचार केला. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘आत्महत्येचा हेतू नसलेली स्व-इजा’ अशी वेगळी नोंद केली आणि तिचा आणखी अभ्यास व्हावा असे सुचवले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हेतू वेगळा असला तरी दोन्ही वाटा एकमेकींना कुठेतरी मिळतात. जी व्यक्ती स्वतःला इजा करते, तिच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे “मरायचे नाही ना, मग सोडून द्या” असे म्हणून चालणार नाही.

ही गोष्ट दुर्मीळ आहे का? वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १७ टक्के मुलांनी आयुष्यात कधीतरी अशी इजा केल्याचे सांगितले होते. म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक. ही मुले आपल्या घरांत, वर्गांत आणि सत्संगांतही असणार. ती दिसत नाहीत, कारण बहुतेक जण हे लपवून ठेवतात. “लक्ष वेधून घ्यायला करतात” हा आपला आवडता आरोप निदान या लपवण्याशी तरी जुळत नाही.

२. असे का घडते?

समजा, सांगलीचा एक तेवीस वर्षांचा मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला आहे. ही वसाहत केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात वसवली. आज देशभरातून मुले-मुली येथे येतात आणि पीजीच्या खोल्यांत राहतात. आपला मुलगाही तसाच राहतो. कामात चूक झाली आणि सर्वांसमोर बोलणी खावी लागली. रात्री आईचा फोन आला. “जेवलास का? सगळं ठीक ना?” तो म्हणाला, “हो आई, मस्त चाललंय.” फोन ठेवला आणि खोलीत तो आणि त्याचे मन एवढेच उरले. घरी असता तर आजीने चेहरा पाहूनच ओळखले असते. येथे चेहरा पाहायला कोणी नाही.

अशा वेळी काही जणांचा हात स्वतःकडे वळतो. त्यामागचे कारण शोधताना मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली चार प्रकारची कारणे मांडली. दोन स्वतःच्या आतली आहेत. पहिले, असह्य भावना थोडा वेळ कमी होते. दुसरे, मन इतके बधिर झालेले असते की काहीतरी जाणवावे असे वाटते. उरलेली दोन माणसांशी जोडलेली आहेत. एखाद्या न झेपणाऱ्या प्रसंगातून सुटका व्हावी, किंवा जे शब्दांत सांगता येत नाही ते कोणाला तरी कळावे.

हे चारही हेतू पुन्हा वाचा. यातली कोणती गरज तुमच्या-आमच्या ओळखीची नाही? वेदना कमी व्हावी, आतून जिवंत वाटावे, सुटका मिळावी, कोणीतरी विचारावे. गरज माणसाचीच आहे, फक्त ती भागवण्याची वाट घातक आहे.

माझ्या अभ्यासाच्या भाषेत सांगते. एक कर्ज फेडायला दुसरे कर्ज काढले, तर त्या दिवशी तगादा थांबतो, पण डोक्यावरचा बोजा वाढतो. स्व-इजेनंतरची सुटका अशीच क्षणिक असते. तिच्यामागून लाज येते, लपवणे येते, एकटेपणा येतो. ती लाज हीच पुढच्या वेळची असह्य भावना होते. चक्र पूर्ण होते.

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही माणसे जन्मतःच अधिक संवेदनशील असतात. त्यांच्या भावना लवकर पेटतात आणि उशिरा शांत होतात. अशा मुलाला आजूबाजूचे सतत म्हणत राहिले की “एवढं काय झालं रडायला”, “तुला उगाच वाटतं”, तर त्याला आपल्याच भावनेवर विश्वास ठेवता येत नाही, आणि ती सांभाळायची कशी हेही कोणी शिकवत नाही. स्वभाव आणि वातावरण या दोघांच्या मेळातून अडचण वाढते. यात आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. मूल समजून घेण्याची ही एक किल्ली आहे.

३. मानसोपचारात नेमके काय करतात?

“तिथे फक्त गप्पा मारतात” असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात हे शिस्तीचे काम असते. लिनेहान यांनी तयार केलेल्या ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ म्हणजे डीबीटी या पद्धतीचा पहिला मोठा चाचणी-अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि १९९३ साली त्यावरचे पुस्तक आले. स्व-इजेवरील उपचारांत ही सर्वाधिक अभ्यासलेल्या पद्धतींपैकी एक आहे. तिच्यातील कामाच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी सुरक्षिततेची. उपचारक आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ आणि शांतपणे विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यावर अनेकांना हायसे वाटते. मग दोघे मिळून एक लेखी सुरक्षा-योजना करतात. वादळ येण्याची माझी लक्षणे कोणती, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कोणाजवळ जाऊन बसू शकतो, कोणाकडे मदत मागू शकतो, कोणत्या तज्ज्ञाला फोन करायचा आणि धोक्याच्या वस्तू हाताशी राहू नयेत म्हणून काय करायचे. अशा योजनेची पद्धत बार्बरा स्टॅनले आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केली.

दुसरी पायरी नोंदीची. रुग्ण रोज एका कार्डावर भावना किती तीव्र होती, इजेची ओढ किती होती आणि कोणते कौशल्य वापरले हे लिहितो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ही रोजकीर्दच वाटेल. आठवड्याने उपचारक ती उघडून रुग्णासोबत बसतात. इजा झाली असेल तर त्या दिवसाची साखळी कडी-कडीने मांडतात : झोप कमी झाली होती, मग कामावर अपमान झाला, मग “मी कुचकामी” हा विचार आला, मग दार लावले, मग इजा, मग सुटका, मग लाज. “का केलेस?” हा दटावणीचा प्रश्न येथे नसतो. यातली कोणती कडी पुढच्या वेळी बदलता येईल, हे शोधायचे असते.

तिसरी पायरी कौशल्यांची. ती चार गटांत शिकवतात : सजगता, कठीण क्षण आणखी न बिघडवता पार करणे, भावना ओळखून सांभाळणे आणि नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, म्हणून ती उतरेपर्यंतचा वेळ काढायला शिकवतात. थंड पाण्याने तोंड धुणे, श्वास सोडण्याचा वेळ लांबवणे, झपझप चालणे, खोलीबाहेर येऊन माणसांत बसणे. साधी वाटतात, पण वादळात आठवावीत म्हणून शांत वेळी त्यांचा सराव करावा लागतो.

उपचारकाशी वैयक्तिक भेट, कौशल्यांचा वर्ग, अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन आणि उपचारकांनाही आधार देणारी त्यांची स्वतःची बैठक, असे या उपचाराचे चार भाग आहेत. प्रौढांसाठी तो बहुधा एक वर्ष चालतो. याखेरीज विचार-वर्तन उपचार किंवा अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची, स्वतःचे आणि दुसऱ्याचे मन ओळखायला शिकवणारी पद्धतही वापरली जाते. केवळ स्व-इजा थांबवणारी अशी खास गोळी नाही. पण सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात आणि त्याचा उपयोग होतो. ते औषध आपल्या मनाने बंद करू नये.

मध्येच पुन्हा एकदा इजा झाली तर? उपचार फसला असे कोणी म्हणत नाही. रोजकीर्द उघडतात आणि साखळी पुन्हा मांडतात.

४. लिनेहान यांची स्वतःची गोष्ट

२०११ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, मार्शा लिनेहान अमेरिकेतील हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात व्याख्यानाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. सतरा वर्षांच्या असताना त्या याच रुग्णालयात दाखल होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या. त्या स्वतः त्या काळी स्वतःला इजा करीत. त्या नरकातून बाहेर पडायचे आणि मग परत जाऊन इतरांना बाहेर काढायचे, असा शब्द त्यांनी तेव्हा देवाला दिला होता.

पुढे १९६७ साली शिकागोतील एका लहानशा प्रार्थनागृहात गुडघे टेकून बसल्या असताना त्यांना एक विलक्षण अनुभव आला. आपण स्वतःवर प्रेम करतो असे त्यांना प्रथमच वाटले. त्यानंतरही दुःखाचे दिवस आले, पण आता त्या इजा न करता ते पार करू शकत होत्या.

आपण साधक ही गोष्ट ऐकून लगेच म्हणू, “पाहा, प्रार्थनेनेच झाले.” घाई नको. लिनेहान यांनी आपल्या रुग्णांना “प्रार्थनागृहात जा, बरे वाटेल” असे सांगितले नाही. आपल्याला लाभलेला अनुभव दुसऱ्याला मागून मिळेलच असे नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या शास्त्रज्ञ झाल्या. झेन गुरूंकडे बसून ध्यान शिकल्या, त्यातली सजगता धर्माचे लेबल न लावता लहान लहान कौशल्यांत उतरवली आणि उपयोग होतो की नाही हे चाचण्यांतून तपासले. ‘तू जसा आहेस तसा मला मान्य आहेस’ आणि ‘तरीही तुला बदलावे लागेल’ ही दोन्ही वाक्ये त्यांनी एकत्र धरली. त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

५. आपण कुठे चुकतो?

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळात कोणी हे सांगितले तर आपल्या तोंडून पहिले काय निघते?

“शपथ घे, पुन्हा करणार नाहीस.” हेतू प्रेमाचाच असतो. पण लेखी असो वा तोंडी, अशा वचनाने माणूस सुरक्षित राहतो असे संशोधनात दिसून आलेले नाही. आपल्या ओळखीच्या वळणानेही विचार करा. गुरुजनांसमोर किंवा देवासमोर घेतलेली शपथ मोडली, की ती व्यक्ती दुप्पट अपराधी होते. मूळ वेदना तशीच राहते आणि वर शपथभंगाचे ओझे येते. मग ती आपल्याला सांगणेच बंद करते. आपली समजूत मात्र ‘आता सुधारला’ अशी होते. लिनेहान यांनी दिलेला शब्द त्यांच्या आतून आला होता, कोणी मागून घेतला नव्हता, हा फरक ध्यानात ठेवू.

“साधना कमी पडते आहे.” सजगतेचा सराव उपचारात आहे हे खरे, पण तो थोडा वेळ, डोळे उघडे ठेवूनही आणि मार्गदर्शनाखाली होतो. मनावर मोठा आघात झालेल्या व्यक्तीला तास-तास डोळे मिटून बसवले तर त्रास वाढू शकतो. साधना उपचाराच्या सोबत चालावी, उपचाराच्या जागी नव्हे.

“देहाला कष्ट दिल्याशिवाय मन शुद्ध होत नाही.” आपल्याकडे उपवास, जागरण, मौन यांना मान आहे. त्यामुळे एखादा साधक स्वतःला शिक्षा करतो आणि आपण त्याच्या वैराग्याचे कौतुक करतो, असे घडू शकते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देणाऱ्या घोर तपाचा निषेध आहे आणि त्या पीडेत अंतर्यामी असलेल्या परमेश्वरालाही क्लेश होतात असे म्हटले आहे. तेथील रोख दंभ आणि अहंकारावर आहे, म्हणून हा श्लोक दुःखी माणसाच्या अंगावर फेकू नका. तो स्वतःसाठी ठेवा आणि उपवासाच्या आड कोणी स्वतःला दंड तर करत नाही ना, याकडे लक्ष द्या.

“ही गोष्ट बाहेर जाता कामा नये.” चर्चा नकोच, पण पूर्ण गुप्ततेचे वचनही देऊ नका. “जिवाला धोका वाटला तर मी आणखी एका जबाबदार माणसाला सांगेन, आणि तुला आधी सांगून सांगेन,” असे स्पष्ट म्हणा.

६. मग काय करावे, आणि मदत कुठे मिळेल?

ऐकताना चेहऱ्यावर धक्का किंवा किळस दिसू देऊ नका. खुणा दाखव म्हणून आग्रह धरू नका. एवढे म्हणा, “तू हे सांगितलेस, बरे झाले. फार सहन करत आला आहेस. आपण मिळून मदत शोधू.” मग शांतपणे विचारा, “मरून जावे असे विचार येतात का?” उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नका. जखम झाली असेल तर आधी डॉक्टर, तातडी असेल तर ११२.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या साधकांनो, तुम्ही रोज ज्या होसूर रस्त्याने जाता, त्याच रस्त्यावर शहराच्या बाजूला निम्हान्स आहे. १९७४ साली आकाराला आलेली ही मानसिक आरोग्याची देशातील अग्रगण्य संस्था. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, टेली-मानस सुरू झाले तेव्हा निम्हान्स त्याचे मुख्य केंद्र झाले आणि तंत्रज्ञानाची बाजू तुमच्याच शेजारच्या, इलेक्ट्रॉनिक सिटीतील ट्रिपल आयटी बेंगळुरू या संस्थेने उचलली. दूर गावातला माणूस १४४१६ लावतो, त्यामागच्या व्यवस्थेत तुमच्या वसाहतीचाही हात आहे. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. हा क्रमांक मंडळाच्या फलकावर आजच लिहा.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच संस्था मराठीत हे काम करते.

दोन भीती अनेकांना अडवतात. एक पोलिसांची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. दुसरी भीती पैशाची. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय करायची आहे. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च मिळतो का, हे मात्र आपल्या पॉलिसीच्या अटींत वाचून घ्या.

७. स्वाध्यायासाठी

१. गेल्या महिन्यात मी कोणाला “एवढं काय त्यात” असे म्हटले? तेच आज कसे म्हणेन?
२. माझ्या मंडळात चुकलेल्या माणसाला परत यायला दार उघडे आहे का?
३. माझ्या स्वतःच्या कठीण क्षणासाठी तीन माणसांची नावे मला लिहिता येतील का?

या आठवड्याचे आचरण : रोज एका व्यक्तीला “कसा आहेस?” विचारल्यावर पहिल्या “मस्त”वर थांबू नका. थोडे थांबून पुन्हा विचारा, “खरंच कसा आहेस?” आणि मग बोलू नका, ऐका.

आणि तुम्ही स्वतः यातून जात असाल, तर शेवटचे तुमच्यासाठी. तुम्ही मोडलेली शपथ नाही आहात. आजवर एकट्याने जे पेललेत ते फार मोठे होते. आता ते दुसऱ्या कोणाला थोडे धरू द्या. सत्संगात तुमची जागा कालही होती, आजही आहे. पूर्ण बरे होऊन या, असे कोणी म्हणणार नाही. जसे आहात तसे या.